पांढरे कपडे आपले

हातातला चहा आधी खाली ठेवा, मग ऐका. ऐकताना अंगावर सांडला तर मला बोल लावायचा न्हाई. माझ्या हातून जे झालं ते आमच्या हट्टा गावात आता लहान लेकरालाबी ठाऊक हाय, तवा लपवून तरी काय करू?

माझी नात पल्लवी कॅनडात असते. तिकडं बर्फावरच्या हॉकीचा एक संघ हाय, पगारी गड्यांचा. त्या संघात ती खेळाचे व्हिडिओ बघून हिशेब लावते, कोणता गडी कोणासंगं चांगला खेळतो त्याचा. नोकरी कच्ची. काम पटलं तर ठेवणार, न्हाई तर वापस.

तो खेळ कसा असतो म्हणाल, तर तळं गोठल्यावाणी बर्फ. गड्यांच्या बुटाखाली लोखंडी पातं, हातात वाकडी काठी, अन एक काळी चकती. चकती जाळ्यात गेली की गोल. जाळ्याच्या पुढं राखणीला दोन गडी असतात. ते जोडीनं उतरतात अन जोडीनंच भाइर येतात. ही राखणीची जोडी नीट बसवायची, हे पल्लवीचं काम.

आता जोडी म्हणलं की मी गप बसणारा माणूस हाय का? सारी उमर बैलं जुपण्यात गेली. कळमनुरीच्या बाजाराला लोक मला मुद्दाम संगं न्यायचे, आबा, याच्या जोडीला कोणता घेऊ म्हणून.

"एक तापट असला तर दुसरा थंड पायजे, बाई," मी फोनवर पल्लवीला सांगायचो. "दोघंबी पुढं पळाले तर मागं राहील कोण?"

"बराबर हाय आबा. आमचा कोचबी हेच म्हणतो."

झालं. कोच अन मी एका मताचे. ही बातमी मी लिंबाजीच्या हाटेलात पोचवली. लिंबाजीनं चहा गाळता गाळता इचारलं, "मंग पगार तुमाला कॅनडातून येणार, का इथंच भागवणार?"

पहिला सामना परगावी होता. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. फोनवर सामना कसा लावायचा ते पल्लवीनं शिकवलं अन म्हणली, "आबा, ध्यानात ठेवा, पांढरे कपडे आपले."

पांढरे जिंकले. मी लगेच फोन लावून म्हणलं, "शाब्बास बाई." पोरगी लई खूश झाली.

तवापासून पांढरे आपले. मी अंगठाबहाद्दर माणूस, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मला काय कळणार? तोंडावरून गडी ओळखावा, तर समद्यांच्या डोक्यावर टोप. रंग तेवढा दिसतो.

मग सामने पल्लवीच्या गावातच सुरू झाले, अन पांढरे जिंकतच गेले. मी रोज पहाटे कानटोपी घालून लिंबाजीच्या हाटेलात हजर. सामना सरला की फोन.

"शाब्बास बाई. झकास."

"व्हय आबा," ती हळूच म्हणायची. बस, एवढंच. इतकं जिंकून पोरीला जराबी गर्व न्हाई. मी लिंबाजीला म्हणलं, "याला म्हणतात वळण."

पण एक दिवस ती म्हणली, "आबा, राखणीची जोडी बदलून राहिले मी. त्या दोघांचं काही जमून न्हाई राहिलं."

मला काही उमगंना. चालती जोडी कुणी मोडतं का? "काहून बदलती, बाई? इतकं झकास चाललंय की."

ती म्हणली, "तुमी माझं मन राखायला बोलता, मला कळतं. पण कोचनं आता माझ्यावर सोडलंय. मी सांगीन ती जोडी उतरणार. जमली तर माझी नोकरी पक्की, न्हाई तर घरचं तिकीट."

तो दिवस कसा गेला म्हणून सांगू. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात. बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठं जावं ते सुचंना. सून म्हणली, "मामा, पाय दुखतील." पाय कशाचे दुखतात? जीव सारा कॅनडात.

पहाटे सामना लागला. पांढऱ्यांच्या राखणीची जोडी उतरली. एक गडी चकतीमागं पुढं पळाला. दुसराबी त्याच्यामागं पळाला. जाळं उघडं. गोल.

मी भाइर जाऊन हातपंपापाशी उभा राहिलो. राहवेना म्हणून आत आलो, तर आणिक एक गोल.

"आबा," लिंबाजी म्हणला, "ही तुमच्या पोरीनं लावलेली जोडी का?"

"व्हय."

"दोघंबी तापट दिसून राहिले."

पांढरे सपाटून हरले. फोन लावायची हिंमत झाली न्हाई. तिचाच आला. मी उचलला न्हाई. परत आला, परत न्हाई उचलला. नोकरी गेलेल्या लेकराशी रिकाम्या हातानं काय बोलावं? आधी काहीतरी सोय बघावी अन मगच बोलावं, असं मनाशी धरून मी तसाच जीपमधी बसलो अन वसमत गाठलं.

तिथं एक कॉम्प्युटर क्लास हाय. क्लासचे सर भला माणूस. मी म्हणलं, "सर, माझ्या नातीला कामाला ठेवा."

"कुठं असते?"

"कॅनडात."

सरांनी चष्मा काढला. "कॅनडा सोडून वसमतला काहून येऊन राहिली, काका?"

"तिथं बर्फ लई हाय," मी म्हणलं.

सर मनानं मोठे. मराठी टायपिंग शिकवायला घेतो म्हणले. तेवढ्यात परत तिचा फोन. आता उचलला. पडद्यावर पल्लवी, डोळ्याला पाणी.

"आबा, कुठं व्हता तुमी? सामना पाहिला का न्हाई?"

"पाहिला, माय. रडू नको."

"ती जोडी, आबा..."

"जोडीचं नाव काढू नको. माणसाच्या हातून चुकतं. मी हितं तुझं जमवलंय. टायपिंग शिकवायचं. सर समोरच हायेत, बोल."

सरांनी फोनात तोंड घालून हात जोडले. "नमस्कार ताई. सोमवारपासून आलात तर बरं पडंल."

पल्लवी आळीपाळीनं आमच्या दोघांकडं बघत राहिली. "आबा, माझी नोकरी पक्की झाली. जोडी जमली. आपण जिंकलो."

"पांढरे तर हरले की."

"पांढरे त्यांचे व्हते. आपले निळे."

"तूच म्हणली व्हतीस, पांढरे आपले."

"आवं, परगावी गेलं की आमी पांढरे घालतो. घरच्या मैदानावर निळे."

आता तुमीच सांगा. पांढरा बैल बाजारातून घरी आणला की निळा होतो का? मी तसं तिला म्हणलंबी. क्लासातल्या समद्या पोरी टायपिंग सोडून हसाय लागल्या. पल्लवीबी पोट धरून हसली.

अन मग हसता हसता थांबली.

"आबा, घरच्या मैदानावर तर आमी आजवर एकबी सामना जिंकलो नव्हतो. दर खेपेला हरलो. अन दर खेपेला तुमचा फोन, शाब्बास बाई, झकास."

मी छताकडं बघितलं. पंखा बंद होता.

"मला वाटायचं, समदे मला बोलून राहिलेत, पण माझे आबा हरल्यावरबी शाब्बास म्हणतात. त्याच्यावर टिकले मी हितं. कोचला सांगितलं, तर त्यानं साऱ्या गड्यांना तो शब्द शिकवला."

सरांनी न मागता मला पाण्याचा गिलास दिला.

तर असं हाय. तिकडं बर्फावर ते उंचेपुरे गोरे गडी हरले की एकमेकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, शाब्बास. अन हितं हट्ट्यात मला कुणी शाब्बास म्हणलं की मी आधी इचारतो, "माझं काय चुकलं, बाबा?"