पाचाच्या आतला नर

माझा भाऊ मिल्टन हरणं पाळत नाही, हे आधीच सांगते. हरणं रानटीच आहेत, आपापली येतात-जातात. पण त्यांच्यापायी हा माणूस आमचं डोकं खातो. बाबांच्या गाई विकल्या, का तर गवत हरणांना उरलं पाहिजे. गवत वाढावं म्हणून टेकडीवरची सीडरची झुडपं तोडली, ओढ्याकाठी हरणांना चरायला ओटचं धान्य पेरलं आणि मग नियम काढला: पाच वर्षांखालच्या नरावर गोळी झाडायची नाही. पाहुण्यांनी नाही, घरच्यांनी तर मुळीच नाही. कोणी नर मारला की मिल्टन त्याचा जबडा काढणार, दाढा किती झिजल्यात ते बघून वय ठरवणार, हाडावर आकडा लिहून जबडा रिकाम्या गोठ्याच्या फळीवर ठोकणार. दाढा वाचायला त्याला शेजारच्या डेल्बर्टकाकांनी शिकवलं, त्यांचं भलं होवो. आकडा कमी निघाला की त्या माणसाला फाटक बंद. माझा नवरा, याचा सख्खा मेव्हणा, अजून बाहेरच आहे. आता बोला!

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, बाबांचे डोळे पुढच्या शिकारीच्या हंगामापर्यंत टिकायचे नाहीत. बाबांनी एवढंच मागितलं की ओढ्यावरच्या मचाणावरून शेवटचा एक नर मारू दे. मिल्टन म्हणाला, मादी मारा, माद्या नाहीतरी फार झाल्यात. बाबा हटले नाहीत. मग याने त्यांची शिकवणी सुरू केली: म्हाताऱ्या नराची पाठ खोलगट असते, पोट सुटलेलं असतं, मान छातीत मिसळलेली असते. ज्यांना ताटातला बटाटा सापडत नाही, त्यांना हा हरणाचं पोट ओळखायला शिकवत होता. मला असा संताप यायचा, काय सांगू.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मीच बाबांना मचाणावर चढवलं. उजाडता उजाडता ओटमध्ये एक नर आला. लांब पाय, सपाट पोट, अगदीच पोरगेला. बाबांनी बंदूक टेकवली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला.

“चांगला मोठा आहे गं, लोटी. पाचाच्या वरच असेल,” ते म्हणाले.

मी गप्प बसले. म्हटलं, खड्ड्यात गेला तो नियम. गोळी बरोबर बसली.

मिल्टन गाडी घेऊन आला आणि हरणाकडे बघताच त्याचं तोंड उतरलं. मी भांडायच्या पुऱ्या तयारीत उभी होते. त्याने जबडा उघडून दाढांवरून बोट फिरवलं. बाबा गाडीच्या दाराला धरून उभे होते.

“किती रे? नियम मोडला नाही ना मी?”

मिल्टनने जबडा मिटला.

“पाच, बाबा. पुरते पाच.”

घरी पोचेपर्यंत बाबांनी ती शिकार पहिल्यापासून पुन्हा पुन्हा सांगितली. मी भांडायचं विसरूनच गेले. फळीवर जबडा लागला, त्यावर ठळक पाच.

रविवारी सॉसेज करायला डेल्बर्टकाका आले. सवयीप्रमाणे त्यांनी तो जबडा खाली काढला.

“मिल्टन, हे काय लिहिलंयस? मागची दाढ बघ की, अजून कोरी आहे.”

बाबा तिथेच मांसाला मीठ लावत बसले होते. त्यांचा हात थांबला. मिल्टनने जबडा काकांच्या हातातून घेतला.

“डेल्बर्टकाका, तुम्हाला दाढांतलं काय कळतं?” तो म्हणाला.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं.

“खरंय रे मिल्टन,” ते म्हणाले, “चष्मा घरीच राहिला माझा.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. बाबांना तो दिसला नाही.