चार गल्ल्या, नऊ लिंका

अंबुजाक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. जन्मापासून दिसत नाही. अर्धवट बोलणारा माणूस त्यांना खपत नाही. मोबाइल त्या ऐकून वापरतात: बोट सरकवलं की फोन वाचून दाखवतो. घाई असली की नुसत्या लिंका ऐकतात, एकामागून एक.

आमच्या भजनमठाची वेबसाइट सुंदरेशने केली. उत्सवात गाणाऱ्यांनी नाव तिथेच द्यायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. अक्का सहा महिने एक अभंग बसवत होत्या. मी शेजारी राहतो, मला माहीत आहे.

त्या शेवटच्या दिवशी चार वाजता त्यांनी लिंका ऐकल्या. "इथे क्लिक करा." पुढची, "इथे क्लिक करा." अशा नऊ. अक्कांनी अंदाजाने तिसरी दाबली, नाव-वय भरलं. फोन म्हणाला, "पोत्याच्या शर्यतीत आपलं स्वागत."

अक्कांनी स्पीकरवर सुंदरेशला फोन लावला. मी समोरच होतो.

"अक्का, वर मोठ्या अक्षरात 'गायन' लिहिलंय. त्याच्याखाली 'इथे'. बघितलं की कळतं!"

"ये, बघून दे."

"तुमचं घर ठाऊक नाही."

"निघ. वाट मी सांगते."

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "महामहम तळ्यापाशी आलो."

"बरं. इथे वळ."

"कुठे?"

"इथे."

"अक्का, चार गल्ल्या आहेत!"

"तुला चारच. मला नऊ दिल्यास."

तो हळूच म्हणाला, "चुकलो, अक्का. पत्ता सांगा."

"पितळी दिव्यांच्या दुकानानंतर उजवीकडे. पिठाच्या गिरणीसमोरचं दार."

तो आला, ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला. 'अभंगगायनासाठी नाव द्या.' 'उत्सवाचा कार्यक्रम पाहा.' 'पोत्याच्या शर्यतीसाठी मुलांची नावं द्या.' प्रत्येक लिंकवर ती कुठे नेते तेवढंच लिहिलं. एकीवर त्याने लांबलचक वाक्य घातलं.

"आधी कामाचा शब्द," अक्का म्हणाल्या. "तो ऐकेपर्यंत माझं बोट थांबलेलं असतं."

मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. दिव्यांच्या दुकानात कामाला होतो तेव्हा एक दिवा घासून चकचकीत करायला मला याच्या चौपट लागायची. वेबसाइट करताना त्याने हीच अकरा मिनिटं वाचवली होती.

साडेपाचला अक्कांनी लिंका पुन्हा ऐकल्या, हवी ती दाबली. "अभंगगायन, शनिवार, सातवा क्रमांक." त्यांनी ते दोनदा ऐकलं.

मग सुंदरेशला कॉफी दिली, समोर बसवलं आणि अभंग सुरू केला. कॉफी संपल्यावर तो उठायला बघत होता. कडवी अजून दोन बाकी होती.