आभारातला भ

त्या सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं आणि गाऊनवर सांडलं. मी पुन्हा चूळ भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर डावा डोळा मिटत होता, उजवा टक्क उघडाच राहत होता, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी नवऱ्याला हाक मारली. ती इतकी विचित्र निघाली की तो स्वयंपाकघरातून हसतच आला.

"तोंड असं काय करून राह्यलीस?"

मग त्याने नीट पाहिलं. त्याच्या हातात चहाची गाळणी होती, तिच्यातून चोथ्याचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

माझ्या मामाला अर्धांगवायू झाला होता. त्यानंतर तो उठलाच नाही. पुढच्या खोलीत त्याची खाट होती आणि आम्ही मुलं त्या खोलीतून श्वास रोखून पळत जायचो. रिक्षातून दवाखान्यात जाताना मला फक्त ती खाट दिसत होती. मी उजव्या हाताची बोटं हलवून बघितली. हलली. पायाचा अंगठा हलवला, तोही हलला. पण पुढच्या चौकापर्यंत खात्री टिकेना, मग परत हलवून बघायचं.

डॉक्टर तरुण होते. "कपाळाला आठ्या घाला," म्हणाले. मी घातल्या. त्यांनी समोर धरलेल्या आरशात कपाळाच्या अर्ध्याच भागाला आठ्या पडल्या, उरलेला अर्धा एखाद्या झोपलेल्या माणसाचा असावा तसा गुळगुळीत.

"हा मेंदूचा झटका नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजलीय. बहुतेकांचं पूर्ण बरं होतं."

बहुतेकांचं म्हणजे काय, असं मला विचारायचं होतं. त्यातला पहिला 'ब' ओठांतून निघालाच नाही. माझ्या नजरेतून त्यांना कळलं असावं. "काहींचं थोडंसं राहतं," ते म्हणाले. गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, चेहऱ्याचे व्यायाम, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. नवरा सुटल्यासारखा हसला. मी मात्र 'काहींचं' एवढाच शब्द घेऊन घरी आले.

माझं काम बोलण्याचं. लीडरशिप कोच आहे असं सांगितलं की जालन्यात लोक आधी विचारतात, कबड्डीच्या का? मी महिला सरपंचांना, मुख्याध्यापकांना, शेतकरी कंपन्यांच्या संचालकांना शिकवते. सभा कशी चालवायची, नाही कसं म्हणायचं, चिडलेल्या माणसासमोर आपला आवाज खाली कसा ठेवायचा. जिल्ह्यात हे काम करणारी आम्ही मोजकी माणसं आहोत. महिन्यातून एकदा भेटतो. एरवी प्रत्येकजण एकटाच परक्या सभागृहांतून बोलत फिरत असतो आणि आतून खचत जातो. म्हणून रोज सकाळी मोबाइलवरच्या आमच्या गटात प्रत्येकाने कोणा एकाचे, एका ठरावीक गोष्टीसाठी आभार मानायचे, अशी पद्धत मीच सुरू केली होती. सगळे मनापासून लिहायचे. मीही लिहायचे.

त्या आठवड्यात भोकरदनला माझं सत्र होतं. ताप आलाय असं कळवून मी ते रद्द केलं, आणि गटाचे मेसेज दिसणार नाहीत असं करून ठेवलं.

प, फ, ब, भ, म. ओठ एकमेकांना चिकटल्याशिवाय ही अक्षरं निघत नाहीत, हे इतकी वर्षं बोलून खाणाऱ्या मला माहीत नव्हतं. नवरा कामावर गेला की दाराला कडी घालून मी म्हणून बघायचे. भाकर. पापड. माय. प्रत्येक शब्दाच्या जागी नुसती हवा यायची. माझ्या स्वतःच्या नावात म आहे. ते मला उच्चारता येईना, तेव्हा मी पलंगावर बसले आणि उठावंसंच वाटेना. डाव्या बाजूलाही हेच झालं तर? डॉक्टरांची नजर चुकली असेल तर? हे असंच राहिलं तर माझं ऐकायला कोण बसणार? दुपारी डोळ्यावर पट्टी लावून पडले की दोनच मिनिटांत पट्टी काढून पुन्हा आरसा.

भाजी आणायला ओढणी गुंडाळून गेले. भाजीवाली म्हणाली, "दाढ काढली का ताई?" मी मान हलवली.

नणंदेचा फोन आला. "मेंदूला काई झालं न्हाई ना, मंग देवाचे आभार मान." ती चांगल्या मनाने म्हणाली होती. मी स्वतः कितीतरी बायांना याच शब्दांत हे सांगितलं होतं. पण ते ऐकताना कोणी उशी तोंडावर दाबावी तसं झालं.

मग एका दुपारी आमच्या गटातली राजूरची ताई न कळवता दारात उभी राहिली. ती माझ्यापेक्षा लहान आहे, बचत गटाच्या बायांना शिकवते, आणि आम्ही एकमेकींना ताईच म्हणतो.

"तुमचा ताप उतरून न्हाई राह्यला म्हणून बघायला आले," असं म्हणत ती आत आली. मी ओढणी वर ओढली. तिला दिसायचं ते दिसलं होतं. ती खाली सतरंजीवर बसली, पाणी मागितलं, सगळं प्यायली.

"भ्या वाटून राह्यलं का?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी मान डोलावली आणि मग ती थांबेचना, डोलतच राहिली.

"मंग आम्हाला का न्हाई सांगितलं?"

ओठ लागणार नाहीत असे शब्द मी शोधून काढले. "कसं सांगणार? तिथे सगळ्यांना धीर द्यायला जाते."

"ताई, मी दर सत्राआधी स्टँडच्या बाथरूममध्ये जाऊन उलटी करते. बिलकुल न चुकता. गटावर लिहिलं का कधी? तिथं सगळे नुसते आभार मानून राह्यलेत. मंग भ्यायचं कुठं जाऊन?"

पुढची बैठक मंठ्याला होती. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे सर तिथे मुख्याध्यापक होते, त्यांच्या जुन्या शाळेतला एक वर्ग त्यांनी मिळवला होता. ताई मला घेऊन गेली. बसमध्ये मी दोनदा उतरून जायचं ठरवलं. वर्गाच्या दारात तर पाय पुढे पडेना, तिने कोपर धरून आत नेलं. मी ओढणी काढली. सगळ्यांनी पाहिलं. काय झालंय ते मी ताईला आधी सांगितलं होतं, तिनेच ते सगळ्यांना सांगितलं.

माझ्या व्यायामाची वेळ झाली होती. "इथंच करा," ताई म्हणाली. मी खिडकीकडे तोंड करून गाल फुगवायला लागले, भुवया वर न्यायला लागले. मागून फूस फूस असा आवाज आला. वळून पाहिलं तर सगळेच गाल फुगवून बसले होते. बियाणे कंपनीत विक्रेत्यांना शिकवणारे आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या भरघोस मिशा नाकापर्यंत गेल्या होत्या. क्षणभर ही माझी टिंगल आहे असंच वाटलं. पण कोणीच हसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत पुढच्या व्यायामाची वाट पाहत होते.

मग आभारांची फेरी सुरू झाली. माझी पाळी आली. राजूरच्या ताईकडे बघून मी शब्द म्हटला. त्यातला 'भ' गळाला आणि खोलीत ऐकू आला तो "आहार".

सरांना कमी ऐकू येतं. ते गंभीरपणे म्हणाले, "आहाराला टाइम हाय अजून. भाजी चुलीवर हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मलाच हसू फुटलं. अर्धंच हसू, उरलेल्या अर्ध्या बाजूने लाळ गळली. ताईने रुमाल पुढे केला, आणि मग सगळेच हसले. सर सोडून. त्यांना काय झालं ते मोठ्याने सांगावं लागलं.

हसणं ओसरल्यावर मी बोलले. खूप हळू, गळक्या अक्षरांनी. मामाची खाट, आरसा, 'काहींचं' हा शब्द, सगळं. होईल बरं, असं कोणीच म्हणालं नाही. मिशावाले गृहस्थ चपलांकडे बघत म्हणाले, त्यांना दर महिन्याला वाटतं की आपल्याला काहीच येत नाही हे या महिन्यात कंपनीला कळणार. त्यानंतर आणखी दोघं बोलले. सर त्या दिवशी नुसतं ऐकत राहिले. तेव्हापासून गटावर आभारांबरोबर भीतीही लिहिली जाते. कधीकधी कोणी नुसती भीतीच लिहितं, आणि ते चालतं.

काही आठवड्यांनी चहा पिताना नवरा एकदम म्हणाला, "तुझी भुवई हलली." मी आरशाकडे धावले. खरंच, जेमतेम हलली होती. ओठ सगळ्यांत शेवटी आले. पूर्ण नाही आले. घास चावताना माझा उजवा डोळा अजून आपोआप बारीक होतो, म्हणजे 'काहींचं' या शब्दात मी राहिलेच. भोकरदनचं सत्र पुन्हा घेतलं तेव्हा एका सरपंच बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "म्याडम, डोळ्याला काय झालं?" मी सांगितलं. अक्षर न अक्षर निघालं.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. पाठीच्या दुखण्यासाठी त्यांना जालन्यात एमआरआय काढायला सांगितला होता.

"बाई, त्या मशीनमध्ये बंद करून ठेवतात म्हणे. मला लय भ्या वाटून राह्यलं. घरी न्हाई सांगितलं."

घाबरू नका, असं मी म्हटलं नाही. "किती वाजता यायचं?" एवढंच विचारलं.

ठरल्या वेळी मी तिथे होते. त्यांना तपासणीसाठी आत नेलं. जाताना त्यांनी घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला, त्यांचे हात गार होते. भिंतीपलीकडून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. तो इतका चालला की मलाच भीती वाटायला लागली. यांचं काही वाईट निघालं तर मी काय बोलणार, ते काही सुचेना. नंतर रिपोर्ट आला, मणक्याची चकती सरकली होती, जपून राहावं लागणार होतं, त्याहून वाईट काही नव्हतं. पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या क्षणी दार उघडलं, सर बाहेर आले, आतल्या गारठ्याने कुडकुडत होते.

"बसून होत्या का इथंच?"

"हो सर."

त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग चला," ते म्हणाले, "कुठं तरी गरम चहा पाजा मला." आणि जिना उतरताना माझा दंड त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.