तेलाचा एक ठिपका

मोबाईलवर ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मला ते आवडलं नव्हतं. कुठल्याशा परक्या देशाच्या समुद्रात, अगदी तळाशी, तेलाची विहीर फुटलेली आणि काळं तेल भसाभसा वर येतंय. थांबायचं नाव नाही. कंपनीने म्हणे हात टेकले होते. कुणाला उपाय सुचला तर कळवा, असं तिने साऱ्या जगाला सांगितलं होतं. साऱ्या जगात आमचे हेही आले.

हे इथे पर्वत पाटिया भागातल्या लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. शिक्षण सातवी. पण उजव्या हाताचं पहिलं बोट असं, की चालत्या मागावर नुसतं फिरवलं तरी तुटलेला धागा सापडायचा. शेठ तुमच्या त्या बोटालाच पगार देतो, असं मी चिडवायचे. खोटं नव्हतं. आमची चूल त्या बोटावर पेटायची.

यांचा एक दोस्त, आमच्याच धुळ्याकडचा, शहराबाहेर कामरेजला लेथचं वर्कशॉप चालवायचा. दोघांनी मिळून यंत्र काढलं. स्कूटरची ट्यूब आणि तिच्यावर चार पदरी जाड कापडाची पिशवी, यांनी स्वतः मागावर विणलेली. ती मिटवून पाइपात सरकवायची, मग पाणी भरून फुगवायची, की पाइप आतून गच्च बुजणार. दोन महिने घरात दुसरा विषय नाही. आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा, म्हटलं की हसायचे. मी मात्र धास्तावलेली असायचे. कशाने, ते सांगता आलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये चाचणी होती. मी डबा घेऊन गेले होते. पाण्याने भरलेलं पिंप, पाण्यात पाइप, आणि पाइपाला जाड नळीने जोडलेला तेलाचा पंप. दोस्ताने पंपाचा दाब वाढवला, पाइपातून तेल उसळलं. पिशवी फुगली आणि तेल थांबलं. दोघं पोरांसारखे ओरडले.

पिशवी खरंच टिकली होती, आणि तेच वाईट झालं. अडलेल्या तेलाने पाण्याखाली नळीलाच कुठेतरी सुईएवढं भोक पाडलं. पाणी गढूळ झालं, काही दिसेना. यांनी पंप बंद करायला सांगितलं नाही. मागावर करायचे तेच केलं. हात पिंपात घातला आणि बोट फिरवत गळती शोधू लागले.

एकदम हात बाहेर आला.

“काय व्हयनं?” मी ओरडले.

“काही नही. सुईगत टोचनं.”

बोटाच्या टोकावर लहानसा ठिपका. रक्त नाही, दुखणंही नाही. दोस्ताचा चेहरा मात्र उतरला. दाबाचं तेल काय करतं ते त्याने पाहिलेलं होतं. “वहिनी, आतेच दवाखानामा लई जा.”

मी भडकले. दोन महिन्यांचा सगळा राग त्या क्षणी बाहेर आला. “इतलंसं टोचनं तर दवाखाना? बस झाया तुमना खेळ!”  मी काय ठरवते म्हणून हे माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना घरी नेलं आणि ठिपक्यावर हळद लावली.

सकाळी बोट काळंनिळं झालं होतं आणि हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता. डॉक्टरांनी विचारलं, लागून किती वेळ झाला? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, दाबाने बोटात शिरलेलं तेल आत पसरलंय, कालच यायला हवं होतं. बोट काढावं लागलं, शेजारचंही.

समुद्रातली गळती पुढे कुणीतरी बुजवली म्हणे. ती बातमी आमच्या घरात कुणी पाहिली नाही.

हे आता त्याच कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतात. त्या दुपारबद्दल त्यांनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. तो लावावा म्हणून मी कधीकधी भांडण उकरून काढते. भाजीत मुद्दाम मूठभर मीठ घालते. ते डाव्या हाताने सगळी भाजी संपवतात आणि म्हणतात, “चांगली शे.”