चरात निजणारे फिटरमामा

पाइप टाकण्याआधी फिटरमामा चरात उताणे निजत. तेर गावाजवळच्या पाणीयोजनेवर मी नवखा इंजिनिअर होतो. पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. मामांनी पाठीखालचा दगड काढून माझ्या हातात ठेवला. "मला टोचला म्हंजी पायपालाबी टोचणार. त्याला वरडता येत न्हाय, साहेब."

त्यांच्या या निजण्यानं काम आणखी रखडे. आधीच वरची काळी माती पावसानं ढासळून खणलेला चर पुन्हा भरे. हातभर खाली खडक लागला की खडक फोडणाऱ्या ब्रेकरची वाट बघत बसावं लागे. एका शेतकऱ्यानं तर सोयाबीन निघेपर्यंत शेतात पाऊल टाकू दिलं नाही. मी त्याच्याशी भांडत बसलो. मामा विळा घेऊन त्याला सोयाबीन काढू लागले. "लवकर निघंल की," एवढंच म्हणाले.

शेवटच्या टप्प्यात फोडलेल्या खडकाच्या धारदार कपच्या तळाला होत्या. त्यांवर, पाइपाखाली अंथरायचा मुरूम घेऊन येणारा ट्रॅक्टर चिखलात रुतला. वरिष्ठांना मी तारीख देऊन बसलो होतो.

"उद्याच्याला मुरूम येऊ द्या, साहेब."

मी सगळ्या गड्यांसमोर ओरडलो, "मामा, निजायचं असेल तर घरी जाऊन निजा! पाइप टाका!"

ते चरात उतरले, जोड केले, वर आले. त्या दिवशी ते निजले नाहीत.

ऐन उन्हाळ्यात पाइप तिथंच फुटला. मामा तोवर नळदुर्गकडच्या कामावर गेले होते. मी उकरून पाहिलं. जोड शाबूत होता. पाइपाच्या पोटात कपची घुसली होती. अहवालात मी लिहिलं, 'फिटरच्या चुकीमुळे जोड निसटला.' ठेकेदारानं मामांना पुन्हा कामावर घेतलं नाही.

दोन वर्षांनी, खरं काय ते सांगायचं ठरवून, कळंबजवळच्या त्यांच्या गावी गेलो. सुनेला चहा ठेवायला सांगून मामा माझ्यासमोर बसले. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "त्यो जोड माझ्याच हातचा, साहेब. कसा सुटला, लई इचार केला, आजून कळंना. गाव पान्याविना ऱ्हायलं. तुमाला बोलणी बसली." आणि त्यांनी हात जोडले.

सून चहा ठेवून आत गेली. मी कप उचलत म्हणालो, "जाऊ द्या मामा. होतं असं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. सुनेला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? साहेबांनी मनात न्हाय ठिवलं."

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. चूक आपलीच, असं समजून गेले.