चिंचेखालची चाळीस पावलं

आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंच आहे. तिच्यावर दिवसभर मोठी वटवाघळं उलटी लटकून झोपलेली असतात. वरात तिथे आली की बँडचा म्होरक्या हात वर करतो, ताशा थांबतो. त्यांची झोपमोड नको म्हणून. मग चाळीस पावलं नुसत्या घोड्याच्या टापा ऐकू येतात. काल दुपारी एक वरात आली, तेव्हा ओट्यावर बसून मी हेच पाहत होते. एका मादीने पंख किंचित उघडून पोटाशी बिलगलेलं पिल्लू पाहिलं आणि पुन्हा झाकून घेतलं.

शेजारी माझी भाची होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. म्हणाली, "मावशी, यांच्या अंगात विषाणू शिरला की पेशी त्याला चटकन ओळखतात. ओळखणारी ती जनुकं लाखो पिढ्या विषाणूंशी झटापट करतच घडत गेलीत. पण ओळखल्यावर आपल्यासारखा थयथयाट नाही. बेतानेच आवरतात त्याला."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. आमवाताने सुजलेली. शत्रू नसतानाही माझं शरीर ढोल बडवत राहतं, आणि त्यासाठी सहा वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. काल मात्र वाटलं, बिचारं राखणच करत होतं की. कुठे थांबायचं, एवढंच त्याला कळलं नाही.

चिंच मागे पडली, ताशा पुन्हा कडाडला. मी दचकले. भाचीने माझा हात हातात घेतला, दुखणार नाही इतक्याच बेताने.