घंटेतली चांदी

परळीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत मी धातू तपासते. बॉयलरच्या नळ्या, व्हॉल्व्ह, तुटलेले दांडे, असलं काय काय आमच्याकडं येतं. माझ्याजवळ ड्रिल मशीनसारखं दिसणारं एक यंत्र असतं. त्याचं तोंड धातूला टेकवायचं, घोडा दाबून थोडं थांबायचं, की कोणता धातू किती टक्के आहे ते पडद्यावर उमटतं. पण यंत्र आज खरं बोलतंय की नाही, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी धातूच्या चकत्या असतात. आम्ही त्यांना नुसतं ‘स्टँडर्ड’ म्हणतो. प्रत्येक चकतीसोबत दाखला येतो: यात तांबं इतकं, कथील इतकं, चांदी इतकी, आणि प्रत्येक आकड्यात चूक झालीच तर किती असू शकेल तेही. सकाळी यंत्रानं चकतीचे आकडे बरोबर सांगितले, तरच दिवसाचं काम सुरू होतं.

आमचं गाव सिरसाळ्याच्या बाजूला. गावात महादेवाचं देऊळ आहे आणि त्याचं सगळं आमचे आबा बघायचे, म्हणजे माझे वडील. देवळाची जुनी घंटा तडकली तेव्हा गावानं नवी ओतायची ठरवली. पंचधातूची करू, असं कुणीतरी म्हणालं. पंचधातूत सोनं लागतं, ते कुठून आणणार; मग बायका म्हणाल्या, चांदी तरी आमची घाला. आबांनी ओट्यावर परात ठेवली आणि बायकांनी तिच्यात जोडवी, तोडे, करदोटे आणून टाकले. आमच्या शेजारच्या काकूंनी लहान मुलीच्या पायातले वाळे टाकले. ती मुलगी चालायला लागली तेव्हाच तापानं गेली होती. वाळे काकूंनी इतकी वर्षं कापसात गुंडाळून ठेवलेले. परातीत टाकताना त्यांनी ते एकदा हलवून वाजवले, असं आई मला म्हणाली.

जुनी घंटा आणि ती चांदी घेऊन माझा मोठा भाऊ, दादा, ओताऱ्याकडं गेला. दादा गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. पंचायत समितीचं तिकीट मिळावं म्हणून दोन वर्षांपासून आमदारसाहेबांच्या मागंपुढं करत होता. त्याच दिवसांत साहेबांचा वाढदिवस झाला आणि दादाच्या मंडळानं त्यांना चांदीची गदा दिली. स्टेजवर साहेबांच्या हातात गदा, शेजारी फेटा बांधलेला दादा, असं बॅनर गावच्या फाट्यावर लागलं. वैनीनं मला फोटो पाठवला, तो मी स्टेटसला ठेवला. ऑफिसातल्यांना दाखवला.

घंटा आली. दिसायला देखणी होती. पण शेजारच्या गावातल्यांनी चिडवायला सुरुवात केली की, तुमची घंटा आमच्यासारखीच साधी कांशाची, पंचधातू कसली. सरपंचांना ते लागलं. त्यांनी मला फोन केला. “महाशिवरात्रीला ये आणि सगळ्यांम्होरं तपासून दाव. आपल्या गावची पोरगी हाय, कुणी दुसरं कावून बोलवायचं?”

मला खरं तर फार बरं वाटलं. यंत्र न्यायला आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी घेतली. त्या संध्याकाळी दादाचा फोन आला.

“मशीन कावून आणतीस? देवाच्या कामात कुणी मशीन लावतं का?”

“सरपंच म्हणाले म्हणून.”

“त्याला काय हाय, तो म्हणंल काहीपण. तू सुट्टी न्हाई भेटली म्हण.”

मला वाटलं, त्याला बहिणीनं चारचौघांत पुढं पुढं केलेलं आवडत नसावं. थोडा रागही आला. मी म्हणाले, “शब्द दिलाय आता.” त्यानं फोन ठेवला.

महाशिवरात्रीला मांडवात घंटा पाटावर ठेवली होती, हळदीकुंकू वाहिलेली. माणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मी सगळ्यांना जरा लांब सरकायला सांगितलं. यंत्रातून क्ष-किरण निघतात म्हटल्यावर पोरंटोरं आणखी लांब पळाली. मी डबीतून चकती काढली तेव्हा पुढं बसलेले एक म्हातारे म्हणाले, “हे काय असतंय?”

मी सांगितलं, या चकतीत काय काय आहे ते आधीपासून माहीत आहे. मशीन तेच सांगतंय का ते बघायचं.

“आन् चकतीत काय हाय ते कुणी सांगितलं?”

“एकानं नाही सांगितलं, बाबा. हिचे तुकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिले. दुसऱ्याला काय सापडलं ते एकालाही माहीत नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं तपासलं, मग सगळ्यांचं जुळवून हा कागद केला.”

“म्हंजे पंचच की,” ते म्हणाले, आणि लोक हसले. आबाही हसले. आपली मुलगी काय बोलते हे ते कौतुकानं ऐकत होते. दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

मुद्दाम मी कांशाची चकती आणली होती, जिच्यात थोडी चांदी असल्याचा दाखला होता. यंत्र टेकवलं. तांबं, कथील, चांदी, सगळं दाखल्याप्रमाणं आलं. सरपंचांनी कागद आणि पडदा दोन्ही बघून मान हलवली. मग यंत्र घंटेला लावलं.

तांबं आलं, कथील आलं, थोडं शिसं, थोडं जस्त. चांदी नाही.

वरून काही लेप दिला असेल म्हणून मी काठाजवळची बोटभर जागा पॉलिश पेपरनं घासली आणि पुन्हा लावलं. तेच. दुसऱ्या बाजूला लावलं. तेच. मी परत चकती तपासली. चकतीतली चांदी यंत्राला नीट दिसत होती. बायकांनी किती चांदी दिली ते मी आईकडून ऐकलं होतं. एवढी चांदी एवढ्या घंटेत मिसळली असती, तर यंत्राला ती दिसायलाच हवी होती. पडद्याकडं बघत मी मनात म्हणत होते, थोडी तरी दिसू दे. नोकरी लागल्यापासून आकडा अमुकच यावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

“काय आलं?” सरपंच म्हणाले.

“चांदी नाही दिसत.”

“थोडी बी न्हाई?”

“नाही.”

मग पोरं उठली. ओताऱ्यानं फसवलं, गाडी काढा, त्याला उचलून आणू, असं सुरू झालं. दोघंतिघं खरंच जीपकडं निघाली. मलाही तसंच वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा हायसं वाटलं. चोर परका होता.

आबांनी हात वर करून पोरांना थांबवलं. ते दादाकडं बघत होते.

“तू व्हतास ना वतताना?”

“व्हतो.”

“मग चांदी तुझ्याम्होरं घातली का न्हाई?”

दादा खांबापासून सरळ झाला. “न्हाई घातली,” तो म्हणाला. “ओतारीच म्हणला, घालू नका. चांदीनं घंटा चांगली वाजती असं काई न्हाई, म्हणला.”

“मग कुटं हाय चांदी?”

बायकांत बसलेली वैनी पदर पुढं ओढून उठली आणि घराकडं चालू लागली. तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “गदा.”

तो शब्द माणसांतून बायकांकडं कसा गेला ते मी पाहिलं. एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, तिनं पुढचीला. काकूंना सांगायला कुणी धजेना. शेवटी त्यांनीच विचारलं, तेव्हा शेजारणीनं सांगितलं. काकू दादाकडं बघत राहिल्या. दादाला लहानपणी त्यांनी न्हाऊमाखू घातलं होतं.

मी यंत्र पेटीत भरलं. पेटीचं झाकण बसेना. घरी जायची वाट बायकांच्या मधून होती. कुणी एक शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाय आखडून घेतले, लुगडी सावरली आणि मला वाट करून दिली, पाहुण्यांना देतात तशी.

घरी दादा ओसरीवर बसला होता. मला बघून म्हणाला, “तुला इतकं नेमकं बोलायला कुणी सांगितलं व्हतं? थोडी हाय म्हणली असतीस तर काय बिघडत व्हतं?”

“आणि ती चांदी?”

“मी परत देणारच व्हतो. पयल्यांदा घरात ज्वारीच्या कणगीतच ठिवली व्हती. परत देतो म्हणून सांगायचं व्हतं बायकांना. मग सायबाचा वाढदिवस आला. रिकाम्या हातानं जाऊन कोण वळखतं बे आपल्याला?”

चिडला की तो मलाही ‘बे’ म्हणायचा, मित्रांना म्हणतो तसं. तो जे म्हणाला त्याची लाज वाटली तेवढीच लाज मला दुसऱ्या एका गोष्टीची वाटत होती. त्यानं चांदी घेतली यापेक्षा ते सगळ्यांसमोर निघालं, हे मला जास्त टोचत होतं. हे मला तिथंच, त्याच्यासमोर उभं असताना कळलं.

आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, दादाला म्हणाले, “चल.” मग मला म्हणाले, “तू बी चल. तुला चांदी कळती.”

साहेबांच्या बंगल्यावर बरीच माणसं होती. कुणी बदलीसाठी, कुणी बोअरसाठी आलेलं. आमची पाळी आली तेव्हा आबांनी स्वीय सहायकाला सरळ सांगितलं की, मुलानं दिलेली गदा गावच्या बायकांच्या चांदीची आहे, ती परत हवी. तो माणूस सभ्य होता. त्यानं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथं कपाटं भरून गदा, तलवारी, मुकुट, विठ्ठलाच्या मूर्ती ठेवलेल्या. काहींवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. “तुमची कोणती ते बघा,” तो म्हणाला.

दादा एकेक गदा उचलून दांड्यावरचं नाव वाचायला लागला. आबा दारातच उभे राहिले. दादाला त्याच्या मंडळाचं नाव सापडायला बराच वेळ लागला, कारण ती एका कोपऱ्यात इतर गदांच्या खाली होती. बॅनरवर ती केवढी मोठी दिसायची.

आम्ही निघताना साहेब समोरून आले. सहायकानं त्यांच्या कानात सांगितलं. ते हसले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देवाची होती होय? मग न्या की. आधी सांगायचं नाही का?” दादाकडं त्यांनी पाहिलंही नाही. तो कोण हे त्यांना आठवत नसावं. आबांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली गदा धरलेली होती.

गदा आतून सागवानी लाकडाची निघाली. वर पत्रा चांदीचा. पत्रा चांगल्या चांदीचा होता, मी तपासला, पण पातळ होता. बाकीची चांदी घडणावळीत गेली, असं दादा म्हणाला. वैनीनं कुणाला न विचारता आपले तोडे आणि माहेरहून आलेला करदोटा आणून आबांपुढं ठेवला. आबांनी सगळं आटवून त्याचे लहान तुकडे करून आणले.

मग ते घरोघर गेले. दादाला त्यांनी बरोबर घेतलं. प्रत्येक दारात आबा तेच बोलत: “तुमचं जसं व्हतं तसं न्हाई देता येत. हे घ्या.” बहुतेकींनी घेतलं. काहींनी चहा केला, त्याचं आबांना जास्त अवघड झालं. काकूंच्या दारात मीही होते. काकूंनी तुकडा हातात घेऊन बघितला.

“पोरीचे वाळे मी देवाला दिलते,” त्या म्हणाल्या. “हे कुणाचं हाय?”

त्यांनी तुकडा उलटा करून पाहिला.

“कुणाच्या जोडव्याचं असंल, कुणाच्या तोड्याचं असंल. मी कसं घिऊ?” त्यांनी तुकडा परत आबांच्या हातात ठेवला. दादा खाली बसला आणि त्यांच्या पायाला हात लावायला गेला. काकूंनी पाय मागं घेतले, मग थोड्या वेळानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आबांनी देवळाचं काम सोडलं. घंटा आहे तशीच टांगली. दादा आता साहेबांकडं जात नाही, शेतातच असतो. गावात कुणी त्याला टाकून बोलत नाही. पण पैशाचं, वर्गणीचं काम निघालं की माणसं त्याच्याकडं न बघता दुसऱ्याचं नाव घेतात.

मागच्या महिन्यात तो ज्वारीचं पोतं घेऊन परळीला आला. प्रयोगशाळेच्या फाटकापाशीच थांबला. आत ये म्हटलं तर म्हणाला, “नको, धुळीचे कपडे हायत.” आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. कपाकडं बघत तो म्हणाला, “इथं समद्यांना म्हाईत आसंल.”

“इथं कुणालाच माहीत नाही,” मी म्हणाले.

ते खरं होतं. गावाहून परत कामावर आले तेव्हा सरांनी विचारलं होतं, गावातलं काम कसं झालं. मी म्हणाले होते, छान झालं, सगळं बरोबर आलं.

“बरं हाय,” दादा म्हणाला. त्यानं पोतं फाटकाच्या आत ठेवलं आणि गाडीला किक मारली.